तांब्यातलं गोड पाणी

या, बसा ताई. तुमी तळेगावासनं एवढ्या लांब आलाय ते फुलं घरात कशी टिकवायची ते इचाराया, आन् मला फुलाचं नाव काढलं का अजून हात गार पडत्यात. खोटं न्हाई सांगत, हात लावून बघा. पण आलाय तर सांगते. फुलाचं बी सांगते आन् मागनं काय झालं ते बी सांगते, कारण माझ्याकडं ते दोन्ही येगळं ऱ्हायलं न्हाई आता.

मी जन्मले ती हितलीच, भुशीच्या वरच्या अंगाला ही आमची वाडी हाय ना, तिच्यातच. लगीन झालं ते बी वाडीतल्या वाडीत, वरल्या आळीतनं खालच्या आळीत आले, माझं माहेर माझ्या अंगणातनं दिसतं. आमी डोंगरातली माणसं. बाप करवंदं-जांभळं घेऊन टेशनाबाहेर बसायचा, आय बाजारात मोळी न्यायची, मी त्यांच्या मागं मागं. आन् मी लहानपणापासनं भित्री. काय सांगू तुमाला, लय भित्री. बाकीची पोरं ओढ्याच्या डोहात उड्या टाकायची आन् मी काठावर बसून रडायची, का आता ह्यो बुडतोय, आता त्यो बुडतोय. बाप म्हणायचा, हिला उंदराचं काळीज बसवलंय देवानं, हिला कोण करून घ्यायचं.

करून घेतली, आन् सासू अशी मिळाली का ती जल्मात कशाला भ्याली न्हाई. आमी त्यांना आत्याबाई म्हणतो. गोठ्यात बिबट्या शिरला तवा बाप्ये घरात कडी लावून बसले आन् ही बाई कोयता घेऊन गोठ्यात गेली, शेरडू सोडवून आणलं, आन् येऊन चुलीवरची भाकरी उलटली, म्हणली करपली बघा तुमच्या वरडण्यापायी. अशी सासू. मी कुटं जरा दचकले का म्हणायची, मर्दे, भ्यायला काय झालं, वाघजाई हाय ना बसलेली. आमची वाघजाई, डोंगराच्या सोंडेवर ठाणं हाय तिचं, आन् घरात देव्हाऱ्यात तिचा टाक हाय. आत्याबाईंचं समदं तिच्यावर. रोज सकाळी तिची पूजा, आन् पूजेचा तांब्या घेऊन घरातल्या परतेकाला तीर्थ. तळहातावर घ्यायचं, प्यायचं, ओला हात डोक्यावरनं फिरवायचा, मगच घराबाहेर पाय.

आता फुलाचं ऐका. सारिका, माझी लेक, एकुलती एक, ती शाळेत जाया लागली तवा मी कामाला लागले, पॉलीहाऊसवर, आंबीच्या बाजूला. सकाळची गाडी धरून तळेगाव, तितनं शेठचा टेम्पो आमाला बायकांना घेऊन जायचा. नुसती गुलाबं. पांढऱ्या कागदाच्या मांडवाखाली नजर पोचंल तितकी गुलाबं, आन् वास कशाला न्हाई. मला पैल्या दिवशी त्याचीच भीती वाटली. म्हणलं एवढं फूल आन् वास न्हाई, म्हंजी ह्यात जीव हाय का न्हाई. माझं काम शेडमधी, निवडायचं. लांब दांड्याचं येगळं, आखूड दांड्याचं येगळं, वाकडी मान, फुटका कळा, उमललेलं, ते बाजूला टाकायचं. टाकलेला माल बायका घरी न्यायच्या, कुणी देवाला, कुणी येणीला, त्याला कुणी नको म्हणायचं न्हाई.

आन् फूल टिकवायचं म्हंजी काय, ते मी शेठच्या घरी शिकले. शेठच्या बायकोला दिवाणखान्यात फुलं लागायची, आन् ती दुसऱ्या दिवशी माना टाकायची, मंग ती मला बंगल्यावर न्यायची. ती पुस्तकात वाचून सांगायची, मी करायची, चुकायची, पुन्यांदा करायची. तर असं बघा ताई. दांडा पाण्यात बुडवून कापायचा, भाईर न्हाई, भाईर कापला का दांड्यात वारं भरतं आन् मंग पाणी वर चढत न्हाई. तिरपा कापायचा. पाण्यात बुडणारं पान एक ठेवायचं न्हाई, पान कुजलं का पाणी नासतं आन् नासलेल्या पाण्यात फूल मरतं. पाणी रोज बदलायचं, भांडं घासायचं, रोज जरा जरा दांडा परत कापायचा. पाण्यात चमचाभर साखर, लिंबू पिळायचं, आन् कपड्याला टाकत्यात ते ब्लीच, त्याचे दोन-चार थेंब. साखर फुलाला खायाला, ब्लीच नासू नये म्हणून. उन्हात ठेवायचं न्हाई, पंख्याखाली ठेवायचं न्हाई, आन् पिकलेल्या केळ्या-आंब्याशेजारी तर बिलकूल न्हाई, पिकल्या फळाच्या संगतीत फूल लवकर म्हातारं व्हतं. गार, अंधारी जागा बघायची. झालं. एवढंच हाय. पण त्या पाण्यात साखर असती आन् लिंबू असतं, हे डोक्यात ठेवा. ते पुढं येणार हाय.

भ्यायची मी एकाच गोष्टीला, फवारणीला. ज्या मांडवात औषध मारलं त्याच्या दारावर लाल झेंडा लागायचा. झेंडा हाय तवर आत पाय टाकायचा न्हाई. फवारणीवाला संपत, तो तोंडाला बांधून, डोळ्याला चष्मा, हातात मोजे, अंतराळात निघाल्यासारखा जायचा, आन् मी शेडमधनं बघायची आन् मला वाटायचं, ज्या फुलांना हात लावाया ह्या गड्याला एवढं गुंडाळून घ्यावं लागतं, तीच फुलं लोक उशाशी ठेवत्यात. बाकीच्या बाया हसायच्या. म्हणायच्या तू झेंड्याचं सपान बघतीस. बघायची की, खरंच बघायची. म्हणून मी झेंड्याच्या मांडवातला माल कधी घरी नेला न्हाई. तो येगळ्या ढिगात असायचा, खड्ड्यात पुरायचा म्हणून.

मंग सारिकाचं लगीन झालं, कामशेतात दिली, जावई चांगला, कारखान्यात जातो. आन् तिला दिवस गेले. तुमी हसाल, पण मला ती बातमी कळली तवा मी आधी रडले. आनंदानं न्हाई, भ्यानं. माझी दोन पोटं पडली व्हती सारिकाच्या आधी, मंग ती एक जगली. मला रोज सपनात तेच. तिला फोन करायचे, सकाळ-संध्याकाळ, पाय सुजले का, डोकं दुखतं का, पोर फिरतं का. ती म्हणायची, आई, पोर फिरतंय, पण तुझा फोन आला का ते बी दचकतंय.

सातव्या महिन्यात तिला डोहाळजेवणाला आणली. आमच्यात लेकीला फुलांचे दागिने करत्यात, डोक्याला, हाताला, गळ्याला, आन् जी फुलं आणायची ती माझ्या हातची. मी कामावर सांगितलं, बाकीच्या बायांनी बी त्यांच्या वाट्याची बाजूला टाकलेली फुलं मला दिली. त्या दिवशी पाऊस झोडपत व्हता, शेडच्या एका अंगाला पाणी शिरलं म्हणून ढीग हलवलेले, समदं एका पत्र्याखाली गोळा केलेलं. मी भरली फुलं पिशवीत. घाई व्हती गाडीची.

कार्यक्रम रव्वारी, फुलं आणली गुरवारी. तवर टिकवायची म्हंजी समदं रीतीनं केलं. दांडे आखूड कापले, दागिन्याला लांब कशाला. पाण्यात साखर, लिंबू, ब्लीच. आमच्याकडं फुलदाणी कुटनं येणार, एक बादली भरली, एक पत्र्याचा डबा भरला, आन् उरलेली मूठभर फुलं स्टीलच्या मोठ्या तांब्यात लावली. मधल्या खोलीत कणगीच्या मागं ठेवलं, तितं अंधार आन् गारवा. आत्याबाईंना दिसतं कमी, दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय, पण समदं घर त्यांच्या हाताला पाठ हाय. त्यांना सांगितलं, हितं फुलं ठेवलीत, हात लावू नका. त्यांनी व्हय म्हणलं.

पण तुमीच सांगा, जिचा जल्म देवाला फूल घालण्यात गेला, तिच्या घरात बादलीभर फुलं आन् देव्हाऱ्यात एक न्हाई, हे तिला कसं बघवंल. न्हाई बघवलं. रव्वारी सकाळी मी भाईर अंगणात चूल पेटवून पुरणाचं घातलं व्हतं, आन् आत आत्याबाई उठल्या, चाचपडत गेल्या, बादली उचलंना म्हणून तांब्या उचलला, देव्हाऱ्याम्होरं नेला. फुलं काढून वाघजाईला वाहिली. आन् बोटाला लागलेलं पाणी जिभेला लागलं, तर गोड.

गोड, आन् जरा आंबट. तांब्यातलं पाणी, कुणी साखर घातल्याली त्यांना ठाव न्हाई, फुलाच्या पाण्यात कोण साखर घालतं, आमच्यात तरी कुणी घालत न्हाई. म्हातारीला वाटलं देवीनं पाणी गोड केलं. नात गरवार, आज डोहाळजेवण, आन् आईनं पाणी गोड केलं. तिनं सारिकाला हाक मारली. हात म्होरं कर म्हणली. तीर्थ दिलं. नेहमीसारखं पळीभर न्हाई, वंजळभर. देवीनं दिलंय, कमी कशाला घ्यायचं.

मी आत आले ती पीठ न्यायला. आत्याबाई देव्हाऱ्याम्होरं बसलेल्या, डोळ्यातनं पाणी, चेहरा असा उजळलेला, म्हणल्या, अगं ये, आई पावली, पाणी गोड झालं, तुझ्या लेकीला पाजलं. मी बघितलं तर तांब्या. माझा तांब्या. देवीच्या अंगावर माझी गुलाबं.

ताई, मला तितंच आठवलं. पत्र्याखालचे ढीग. एकत्र झालेले. मी कोणत्या ढिगातलं भरलं. मी डोळे मिटले तर लाल झेंडाच दिसाया लागला. मी वरडले. काय वरडले ते सांगाया मला आज बी जीभ जड व्हती. म्हणलं, म्हातारे, माझ्या लेकीला इख पाजलंस. माझ्या लेकीच्या पोटातल्याला इख पाजलंस तू. ह्याच्या आधी मी त्यांना कधी अगं म्हणलं न्हाई, उलट शब्द बोलले न्हाई. त्या काय म्हणाल्या तेच मी ऐकलं न्हाई. सारिका म्हणत व्हती, आई, थांब, आई, ऐक की, मी म्हणलं बोलू नको, दम राखून ठेव, आन् तिला धरून भाईर काढली. सारिकाचे वडील भुशीच्या धरणावर, पावसाळ्यात तितं कणसं भाजत्यात ते, त्यांना कोण सांगायला जाणार. शेजारचा दत्तू, त्याची रिक्षा, ती काढायला लावली, म्हणलं लोणावळ्याला, दवाखान्यात.

आन् रव्वार. पावसाळ्यातला रव्वार. तुमाला ठाव हाय हितलं. भुशीच्या रस्त्याला मुंगी शिरायला जागा न्हाई. गाड्या, मोटारसायकली, गाणी लावलेली, ओली माणसं नाचतायत, चिखल उडवतायत, कुणी कणीस खातंय, कुणी टपावर बसून फोटो काढतंय. रिक्षा जागची हलंना. दत्तू भोंगा वाजवून दमला. मी भाईर उतरून काचांवर हात आपटत व्हते, म्हणत व्हते, गरवार बाई हाय, इख गेलंय पोटात, वाट द्या, आन् आतली माणसं काच वर करायची, त्यांना वाटायचं मी भीक मागतीया. मधीच मी संपतला फोन लावायची. कोणता ढीग व्हता, काय मारलं व्हतं. फोन वाजायचा आन् बंद व्हायचा. मी परत रिक्षात बसायची, सारिकाच्या पोटावर हात ठेवायची, पोर हललं का. हललं का जिवात जीव, न्हाई हललं का गेला.

म्हणलं, सारिका, जीभ जड झाली का, डोळ्याला अंधारी येती का, किती प्यालीस, खरं सांग, समदं प्यालीस का.

तवा ती म्हणली, आई, आता तरी ऐकशील का. मी प्यालेच न्हाई.

म्हणली, हात तोंडाशी नेला तर धुण्याच्या ब्लीचचा वास. मला सातव्या महिन्यात कशाचाच वास सहन व्हईना, तो कसा व्हईल. आजी एवढी आनंदली व्हती, तिला दिसत न्हाई, म्हणून मी ओठाला लावल्यासारखं केलं, हात डोक्यावरनं फिरवला आन् बाकी पदरात टिपलं. हे बघ, पदर अजून ओला हाय. घरात तुला सांगत व्हते, तू बोलू देतीस कुटं.

ताई, मी तिचा पदर हुंगला. आन् हसले, रडले, दत्तू बी हसला, म्हणला काकी, तुमी आज माझं बी आयुष्य कमी केलं. मी देवीला हात जोडले. भाईर माणसं नाचत व्हती, मला वाटलं नाचू द्या, माझी लेक चांगली हाय.

आन् मंग मी हसायची थांबले. का ते सांगते. मला आत्याबाईंचा चेहरा दिसला, मी वरडले तवाचा. मी जाताना त्या उंबऱ्यापाशी आल्या व्हत्या, हात भिंतीला धरून. आन् तांब्या त्यांच्या दुसऱ्या हातात व्हता. तांब्या मी वतला न्हाई. रागात, भ्यात, लेकीला धरून निघाले, तांब्या तसाच. आन् ती बाई कशाला भ्यायची न्हाई, हे मला ठाव हाय ना. घरात दुसरं कोणी न्हाई.

सारिका म्हणली, आई, काय झालं. म्या म्हणलं, तू दत्तूसंगं बस, हलू नको. आन् मी पळत सुटले. मी, जिला साधी निसरडी पायवाट उतरायची भीती, ती त्या गाड्यांमधनं, गर्दीतनं, उलटी डोंगर चढत. कुणी म्हणालं मावशी सांभाळून, कुणी शिटी मारली. माझी चप्पल गेली. मला वाटत व्हतं, मी पोचायच्या आत ती पिऊ नये. आन् मला ठाव व्हतं ती प्याली असंल. दोन्ही एकाच वेळी वाटत व्हतं.

घरात शिरले. आत्याबाई देव्हाऱ्याम्होरं बसलेल्या, मांडी घालून, पाठ ताठ. तांब्या पालथा. पुसून पालथा घातलेला, जेवण झाल्यावर ताट घासून ठेवावं तसा. म्या म्हणलं, आत्याबाई, पाणी कुटं हाय. त्या म्हणल्या, प्याले. माझ्या हातानं पोरीला पाजलं ना, मंग तिला एकटीला कशाला. जे तिला झालं ते मला बी व्हऊ दे. आन् तुझं लेकरू वाचलं तर वाघजाईला सांग, म्हातारीला नेलं ते बरं केलं.

मी त्यांच्या म्होरं बसले आन् म्हणलं, आत्याबाई, ती प्यालीच न्हाई. तिनं टिपलं पदराला. ती चांगली हाय.

त्यांनी ऐकलं. मंग म्हणल्या, न्हाई प्याली? म्हणलं न्हाई. म्हणल्या, बरं झालं. आन् मंग त्यांचा हात थरथरू लागला, तोंडाला लाळ सुटली, घामानं लुगडं भिजलं. त्या माझा हात धरून म्हणल्या, आता मला भ्या वाटतंय गं. पैल्यांदा ऐकलं मी ते त्यांच्या तोंडून. इतक्या वर्षांत पैल्यांदा.

वाडीतली माणसं धावली. धरणावर निरोप गेला, सारिकाचे वडील भट्टी तशीच टाकून आले. चादरीत घातली म्हातारी, चौघांनी चार टोकं धरली, आन् रस्ता गाड्यांनी भरलेला म्हणून पायवाटेनं खाली. आन् ताई, ज्यांना मी शिव्या घालत व्हते ना त्या गर्दीला, तीच माणसं बाजूला झाली. ओली पोरं हातात हात धरून उभी ऱ्हायली, गाड्यांना मागं लोटलं, एकानं त्याची मोठी गाडी वळवून दिली, सीटवर चिखल पडंल म्हणलं तर म्हणाला, पडू दे मावशी, बसा तुमी. मी त्यांचं नाव बी इचारलं न्हाई. देव त्यांचं भलं करो.

दवाखान्यात डॉक्टर इचारतोय काय प्याल्या, मी सांगतीया साखर, लिंबू, ब्लीच, आन् फुलावरचं औषध असंल तर ते ठाव न्हाई. तेवढ्यात संपतचा फोन आला, बिचारा जेवाया बसला व्हता. म्या सांगितलं तसा त्याचा घास हातात ऱ्हायला. म्हणला, मावशी, झेंड्याच्या मांडवातला माल त्याच पत्र्याखाली टाकला व्हता पावसामुळं, खड्ड्यात न्यायचा ऱ्हायला. औषधाचं नाव त्यानं डॉक्टरला सांगितलं, फोन हातातनं हातात गेला, मंग सुया, सलाईन, नळ्या. मी भाईर बाकावर. सारिका येऊन शेजारी बसली, माझा हात घेऊन तिनं पोटावर ठेवला. पोर हललं. पण मला तवा त्याचा बी आनंद झाला न्हाई, सांगते तुमाला, माझं समदं ध्यान दाराकडं.

वाचल्या. वाचल्या बघा आत्याबाई. लय दिवस दवाखान्यात काढले, पण घरी आल्या चालत. डोहाळजेवण काय झालं न्हाई, ती फुलं सारिकाच्या वडलांनी रानात खड्डा काढून पुरली. शेडमधी बी आता खड्ड्याच्या मालाला येगळी जागा केलीय, कुलूप घालून. मी अजून जाते कामाला. पण घरात फूल आणत न्हाई.

पण घरी आल्या त्या आत्याबाई ह्या न्हाईत. बिबट्याला न भ्यालेली बाई, आता पाण्याला भ्याती. पेला दिला का हातात धरून बसायच्या, वास घ्यायच्या, जिभेचं टोक लावायच्या, इचारायच्या, हे कुटलं. म्हणलं हंड्यातलं. मंग प्यायच्या. देव्हाऱ्यात दिवा लावायच्या, पण तीर्थ द्यायचं बंद. पूजेचा तांब्या फडताळात गेला तो गेला. मी म्हणलं बी एकदा, आत्याबाई, तुमची काय चूक, आईच्या भक्तीनं केलं तुमी. त्या म्हणल्या, मी कुटं म्हणते चूक केली, मी म्हणते हाताचा भरवसा गेला. मी त्यांना ते शब्द बोलले व्हते ना, त्याचं बी म्या म्हणलं, इसरून जा. त्या म्हणल्या, ते कवाच इसरले, आईचं काळीज तसंच बोलतं. पण तांब्या काढला न्हाई.

सारिका बाळंत झाली हितंच लोणावळ्यात. मुलगी. चांगली हाय, दूध पिती, लाईटीकडं बघती, मी रोज बघते आवाजाकडं मान वळवती का, मूठ आवळती का. आत्याबाईंनी तिला मांडीवर घेतली, पण तिच्या तोंडाजवळ बोट न्यायच्या न्हाईत. बोट लागंल म्हणून हात पदरात गुंडाळून बसायच्या.

आन् मागल्या आठवड्यात सारिका सासरी निघाली. जावई गाडी घेऊन आला, पिशव्या भरल्या, ओटी भरली. आमी समदे उंबऱ्यात. तर सारिका माघारी फिरली, देव्हाऱ्याम्होरं जाऊन बसली, पोर मांडीवर, आन् म्हणली, आजे, तीर्थ दे. मी अशी जाणार न्हाई घराभाईर.

आत्याबाई म्हणल्या, न्हाई बाई, माझ्या हातचं नको. सारिका म्हणली, तुझ्याच हातचं पाह्यजे. आत्याबाईंनी हात पदरात गुंडाळले. जावई दारात उभा, त्याला काय समजंना. मी फडताळातनं तांब्या काढला, घासला, हंड्यातलं पाणी भरलं. आधी मी प्याले. त्यांच्या म्होरं प्याले, घटाघटा, आवाज ऐकू जावा म्हणून. आन् तांब्या त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणल्या, गोड न्हाई ना गं. म्या म्हणलं न्हाई आत्याबाई, आपलं साधं पाणी हाय. त्या म्हणल्या, साधंच बरं.

आन् दिलं. निम्मं भुईवर सांडलं. पण ह्या खेपेला सारिका ते समदं प्याली, तळहात चाटून प्याली, आन् ओला हात आधी पोरीच्या टाळूवरनं फिरवला, मंग आपल्या. मी तिच्या गळ्याकडं बघत व्हते, घोट उतरताना. गाडी खाली उतरंस्तवर बघत व्हते, आन् घरी पोचले म्हणून तिचा फोन येईस्तवर हितंच उभी. भीती जात न्हाई ताई. ती जायची न्हाई, मला समजलंय आता. ती घरात ठेवूनच बाकीचं समदं करायचं.

तुमी फुलं ठेवा की घरात, मी नको कशाला म्हणू, घर शोभतं. तिरपा कापा, पानं काढा, पाणी बदला. फक्त इकत आणलेली फुलं आधी वाहत्या पाण्याखाली धुवा, आन् ज्या भांड्यात माणूस पाणी पितं त्या भांड्यात लावू नका. आन् घरात म्हातारं माणूस असंल तर त्याला सांगा, का पाण्यात साखर मी घातलीय.

पोरं-बाळं सुखात ऱ्हाऊ देत तुमची. आवं, आन् तुमी तर पेला तसाच ठेवलाय, एवढा डोंगर चढून आलाय आन् घोटभर पाणी न्हाई घेतलं. घ्या. थांबा, द्या हिकडं. आधी मी पिते.